भिलाची डबी

१

धुडकू नानांनी ज्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते दिवाळीच्या आधी आलं होतं आणि तेव्हापासून चष्म्याच्या घराखाली दबून पडलं होतं. पत्र तसं लहानच. औषधांच्या चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी नाशिकहून पाठवलेलं. त्यात प्रश्न एकच होता. शहाद्याच्या केंद्रातल्या ज्या रुग्णांनी संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा केला आहे, त्यांना हे औषध शरीरात काय करतं ते खरोखर समजलं आहे, असं आपण खात्रीने सांगू शकता का?

खात्रीने! नानांना स्वतःच्या जन्मतारखेचीसुद्धा खात्री नव्हती. शाळेत घालताना गुरुजींना जी सोयीची वाटली, ती त्यांची जन्मतारीख.

आयुष्यभर त्यांनी शहाद्याच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. लोकांशी बोलण्यापेक्षा पुस्तकांच्या पाठी पुसणं त्यांना सोपं जाई. निवृत्तीनंतर डॉक्टर दामिनीने त्यांना या समितीत ओढलं. समितीत एक माणूस असा लागतो म्हणे, ज्याला वैद्यकातलं काहीही कळत नाही. सामान्यांच्या बाजूने तो बोलतो. पहिली पात्रता नानांच्या अंगी पुरेपूर होती. पंचाईत दुसरीचीच होती.

पत्राला उत्तर द्यायला ते अनेकदा बसले. "महोदय" लिहून झालं की पेन थांबे. 'हो' लिहावं तर खोटं वाटे, 'नाही' लिहावं तर केंद्र बंद पडायचं. मग ते कागद चुरगळत आणि स्वतःवरच चिडत.

त्या सकाळी अध्यक्षांचा फोन आला. आवाजात साखर अजिबात नव्हती.

"नाना, तुमचं उत्तर नाही ते नाहीच. आणि आता ऐकतो, गेल्या महिन्यात तुमच्या केंद्रातून औषधाची अख्खी डबी गेली. आणि काल एका रुग्णाच्या मुलाने तक्रार केलीय की तिथे खोट्या गोळ्या देतात. शनिवारपर्यंत तुमचा अभिप्राय पोचला नाही तर मी केंद्र बंद करतोय. सगळ्या रुग्णांच्या गोळ्या थांबतील. आणि तो कंपाउंडर पोलिसांकडे जाईल."

"पण साहेब, मी..."

"हो किंवा नाही, नाना. कादंबरी नकोय मला."

फोन बंद झाला. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, बेबीबाईंनी, सगळं ऐकलं होतं.

"दिवाळीपासून एक पत्र लिखाले जमी नही ऱ्हायनं तुमले," त्या म्हणाल्या. "आते चोर धराले निंघनात!"

"मी कुठे म्हटलं, चोर धरतो म्हणून?"

"मंग चप्पल कसाले घाली ऱ्हायनात?"

नानांनी पायांकडे पाहिलं. खरंच, चप्पल घातलेली होती.

२

केंद्राच्या दवाखान्यात शिरण्याआधीच आरडाओरडा ऐकू आला.

"डॉक्टर, तुम्ही मन्हा बापले खडू चारी ऱ्हायनात, खडू!" ओरडणारा धीरज होता, सारंगखेड्याच्या सुपडू पाटलांचा मुलगा. केळीचा बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात थोडा हात मारणारा. त्याच्यामागे बाकावर सुपडू आप्पा बसले होते, मांडीवर पांढरं उपरणं पसरून. उपरण्याखाली त्यांचे दोन्ही हात असे हलत होते, जशी पोत्यात धरलेली कबुतरं.

सारंगखेड्याच्या यात्रेत सुपडू दलालांचं नाव माहीत नाही असा घोडेवाला नव्हता. मालक आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये बसायचं, एका हाताने याचा पंजा धरायचा, दुसऱ्या हाताने त्याचा, वर उपरणं टाकायचं, आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसे. कंपवाताने त्याच बोटांवर घाला घातला होता.

धीरज बापाला घेऊन, दार आपटून निघून गेला. दामिनीने नानांना आत नेलं. लहानपणी ती वाचनालयाच्या फरशीवर बसून पुस्तकं वाचायची. अजूनही थकली की तशीच भिंतीला टेकायची. आत्ता टेकली होती.

"नाना, मला यातलं काहीच कळेनासं झालंय. या गोळ्यांनी आप्पांचा हात सुधारला होता. गेल्या महिन्याच्या भेटीत ते जवळजवळ बरे दिसले. आणि आज हे! खांडबाऱ्याचा भिला तीच गोळी घेतो, तो छान आहे. मग यांनाच काय झालं?"

"आणि हरवलेली डबी?"

"भिलाचीच. गेल्या महिन्याच्या भेटीच्या दिवशी गेली. त्याला आम्ही नंतर दुसरी दिली. धीरजचं म्हणणं, खऱ्या गोळ्या आम्ही विकल्या आणि त्याच्या बापाच्या डबीत खडू भरला. रक्त तपासा म्हणून त्यानेच हट्ट धरला. आप्पांचं रक्त घेतलंय, पुण्याहून अहवाल उद्या येईल."

नानांना आणखी विचारायचं होतं, पण प्रश्न ओठांवर आले की त्यांना ते मूर्खपणाचे वाटत. त्यांनी स्वतःला एक चिमटा काढला आणि हेमांगीला गाठलं. हेमांगी केंद्राची परिचारिका. गोळ्या देणं, रिकाम्या डब्या परत घेणं, हिशेब ठेवणं, सगळं तिच्याकडे.

"त्या दिवशी काय झालं ते सांगशील का? म्हणजे, वेळ असेल तर."

"किती वेळा सांगू, नाना? अध्यक्षांना सांगितलं, औषध कंपनीच्या साहेबांना सांगितलं, आता तुम्ही!" तिने कपाळाला हात लावला. "आप्पांची आणि भिलाची, दोघांची भेट होती. दोन्ही डब्या काढून मी या टेबलावर ठेवल्या. भिलाची गाडी चुकली, तो आलाच नाही. आप्पांची डबी मी त्यांच्या बायकोच्या, जसोदाबाईंच्या हातात दिली. भिलाची टेबलावर राहिली. जरा वेळाने कपाटात ठेवायला बघते तर नाही!"

"खोलीत कोण कोण होतं?"

"मी, चंदन, धीरज, आप्पा. जसोदाबाई डबी पिशवीत टाकून रिक्षा बघायला गेल्या होत्या. धीरज फोनवर कुणाशी तरी भांडत होता. वातावरण मात्र मजेचं होतं. आप्पांचा हात इतका सुधारला होता की त्यांनी याच टेबलावर उपरणं पसरलं आणि मला म्हणाले, 'पोरी, घाल हात, तुले घोडाना भाव सांगस.' मी हात घातला. त्यांनी बोटं दाबली, मला काही कळलं नाही, सगळे हसलो."

"मग झडती घेतली?"

"सगळ्यांच्या पिशव्या झाडल्या, खिसे उलटे केले, कचऱ्याची बादली पालथी केली. जसोदाबाई परत आल्या, त्यांचीही पिशवी बघितली. त्यांच्या घरची एकच डबी. रिक्षासुद्धा बघितली!"

"सगळं बघितलं?"

"सगळं," हेमांगी म्हणाली. मग जरा थांबली. "म्हणजे, बघण्यासारखं सगळं."

३

कंपाउंडर चंदन मागच्या ओसरीवर पायऱ्यांवर बसला होता. कपाटाची चावी त्याच्या करगोट्याला असायची, आज नव्हती. काढून घेतली होती.

"नाना, मले माहीत शे, तुम्ही बी तेच विचाराले उनात," तो म्हणाला. "चावी ज्यानाजोडे, चोर तोच. सोपं शे ना?"

"तसं नाही रे. पण तुझे मामा..."

"हां! मन्हा मामाले बी कंपवात शे, हाई खरं. त्याले वयमुळे चाचणीमा लिन्हं नही, हाई बी खरं. मी डाक्टरीनबाईस्ना पाय धरनू, हाई बी खरं. पन पाय धरनारा मानूस हात मारी का?"

नानांना हे पटलं. अध्यक्षांना मात्र पटलं नसतं. चावी आहे, गरज आहे, संधी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तरी संन्याशाच्या अंगावर कफनी बरोबर बसली पाहिजे. इथे ती अगदी मापाची शिवलेली होती. नानांना त्याचाच वैताग आला. त्यांच्या अनुभवात जे पुस्तक लगेच सापडतं, ते बहुधा चुकीच्या कपाटात ठेवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामिनीचा फोन आला. आवाज असा होता जसं कुणी मागून दचकवलंय.

"नाना, अहवाल आला. गोळ्या खोट्या नाहीत. आप्पांच्या रक्तात औषध आहे."

"मग झालं की! धीरजचं तोंड बंद."

"ऐका तरी. औषध आहे, पण जितकं असायला हवं त्याच्या दुप्पट आहे."

४

नाना तडक दवाखान्यात पोचले. बेबीबाईंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं, त्यावरून संध्याकाळी काय ऐकावं लागेल याचा विचारही त्यांनी केला नाही.

"दुप्पट औषध आणि दुप्पट आजार," ते म्हणाले. "हे काय आजार रेड्याला आणि औषध पखालीला? मला एकदा नीट सांग, ही गोळी करते काय?"

"नाना, तुम्ही समितीत आहात ना?"

"म्हणूनच विचारतोय! समितीत सगळे माना डोलावतात आणि मीही डोलावतो."

दामिनीने कोऱ्या केसपेपरवर दोन गोल काढले.

"मेंदूच्या पेशीत एक प्रथिन असतं. त्याची घडी नीट असेल तोवर कामाचं. घडी बिघडली की ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि पेशी मरते. आप्पांच्या हातातला कंप तिथून येतो. आता पेशीत असलं निकामी प्रथिन दळून टाकणारी एक गिरणी असते. पण ती चिठ्ठी लावलेलाच माल दळते. चिठ्ठी लावणारा कामगार वेगळा आहे, आणि हे बिघडलेलं प्रथिन त्याच्या समोर येतच नाही." तिने दोन गोलांच्या मध्ये दोन्हीकडे वाकलेला एक आकडा काढला. "आपली गोळी इथे येते. तिच्या रेणूला दोन हात आहेत. एका हाताने बिघडलेलं प्रथिन धरायचं, दुसऱ्या हाताने चिठ्ठीवाल्याला. दोघांना जवळ आणायचं. चिठ्ठी लागली की दोन्ही हात सोडून पुढच्या प्रथिनाकडे जायचं. ती स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून थोडकं औषध पुरतं."

नानांनी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदाच काहीतरी डोक्यात बसत होतं.

"हे रुग्णांना असं सांगितलं होतं?"

"इतकं कसं सांगणार? त्यांना म्हटलं, औषध म्हणजे झाडू. डोक्यातला कचरा झाडून काढतं."

झाडू! समितीच्या बैठकीत हा झाडू सगळ्यांना आवडला होता. नानांना खटकला होता, पण का खटकला ते सांगता न आल्याने ते चहा पीत बसले होते. आता त्यांचा संताप झाला, आणि नेहमीप्रमाणे निम्मा स्वतःवरच.

"बरं, झाडू राहू दे. आधी डबीचं बघू. ती चंदनने मामासाठी चोरली असती तर गोळ्या मामाच्या पोटात गेल्या असत्या. त्या आप्पांच्या रक्तात आहेत. म्हणजे डबी सारंगखेड्याला गेली. बरोबर?"

"बरोबर," दामिनी हळूच म्हणाली.

"आता तिथे तीन माणसं. धीरज बापाला गुपचूप दोन गोळ्या देत असता, तर रक्त तपासा म्हणून बोंब मारली असती का? स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? जसोदाबाई डबी नाहीशी झाली तेव्हा बाहेर होत्या, आणि त्यांची पिशवी झाडली."

"मग राहतात आप्पा. पण त्यांच्या तर हातात काही नव्हतं, नाना!"

"त्यांच्या हातात काय होतं ते कुणी बघितलं?"

हेमांगी दारात उभी होती. ती एकदम लाल झाली.

"नाना, दलालाचं उपरणं कुणी उचलतं का? माझं माहेर सारंगखेडा. सौदा चालू असताना बापसुद्धा लेकाच्या उपरण्याला हात लावत नाही. त्या दिवशी आप्पा उपरण्याखाली हात घालून बसले होते. मला वाटलं, हात दिसू नयेत म्हणून बसलेत. मी धीरजचे खिसे उलटे केले, पण उपरणं..."

"पण हात सुधारले होते ना? मग लपवायचे कशाला?" नानांनी विचारलं.

तिघांनाही आता तेच दिसू लागलं. टेबलावर पसरलेलं उपरणं, त्याखाली घातलेला हेमांगीचा हात, बोटं दाबल्यावर झालेला हशा. आणि त्याच टेबलावर, त्याच कापडाखाली, भिलाची डबी.

"ठीक आहे," दामिनी शेवटी म्हणाली. "कोण, ते कळलं. पण मला छळणारा प्रश्न तसाच आहे. दुप्पट औषध खाऊन माणूस बिघडला का? अध्यक्षांना मी काय सांगू? औषधच घातक आहे? मग तर सगळीकडचीच चाचणी गुंडाळतील."

परवा शनिवार होता.

५

सारंगखेड्याची एसटी नानांना कधीही वेळेवर मिळाली नव्हती आणि त्या दुपारीही मिळाली नाही. शेजारच्या बाईने मांडीवर मिरच्यांचं पोतं घेतलं होतं. पुलावर तापीचा वारा आला तेव्हा नानांना सलग शिंका आल्या. घर येईपर्यंत त्यांनी मनात तयार केलेली सगळी वाक्यं शिंकांबरोबर उडून गेली होती.

जसोदाबाईंनी अंगणात खाट टाकली.

"या नाना, बठा. बरं व्हयनं उनात. डाक्टरीनबाईले सांगा, मी एक दिन चुकनी नही. सकायले मन्हा हातथीन गोळी देस, वर पानी, मंग तोंड उघडाले लावस. जीभखाले बी देखस!"

"ती देखस," सुपडू आप्पा म्हणाले. "घोडाना दात देखतीन तशी."

"तुमना दात कोन देखी? इकाले काढा तं कोनी लेवावं नही!"

ती चहा ठेवायला आत गेली. आप्पा उपरण्याखाली हात घालून बसले होते. नानांना विषयाला हात कसा घालावा कळेना. वाचनालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडूनही दंड मागताना त्यांना घाम फुटायचा. इथे तर एका खानदानी माणसाला, त्याच्या अंगणात बसून, चोर म्हणायचं होतं. त्यांनी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"यंदा यात्रा कशी झाली, आप्पा?"

"बेकार, नाना! विचारू नका." आप्पांचा आवाज एकदम तापला. "घोडास्थीन दलाल जास्त. ज्याले काम नही तो दलाल. गिऱ्हाईकना हात एक दलालना उपरनाखाले, मालकना हात दुसरा दलालना उपरनाखाले. दोन्हीस्ना हात गुतेल! मंग मालक आन् गिऱ्हाईक एकमेकले भेटतीन कसा? सौदाच व्हयना नही. एक दलाल व्हता तं दिनभर सौदा व्हयेत. आते समदा नुसता हात धरी बठेल."

नानांच्या हातातली पिशवी खाली पडली.

दोन हात. एका हाताने मालक, दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक. दलाल गरजेपुरते असले तर प्रत्येकाच्या दोन्ही हातांना माणूस मिळतो. दलालांचा सुळसुळाट झाला की कुणी नुसत्या मालकाला धरून बसतो, कुणी नुसत्या गिऱ्हाइकाला. सगळे गुंतलेले, आणि सौदा एकही नाही. बिघडलेलं प्रथिन एका रेणूने धरलेलं, चिठ्ठीवाला भलत्याच रेणूने धरलेला. चिठ्ठी लागणार कशी? आणि दामिनीने यांना सांगितला होता झाडू! एक झाडू असेल तर घर झाडतो, दोन असले तर लवकर झाडतात. आप्पांचं गणित झाडूच्या बाबतीत अगदी बरोबर होतं.

आता बोलायला हवं होतं. शब्द येत नव्हते, म्हणून नानांनी असं काही केलं, जे सबंध आयुष्यात कधी केलं नव्हतं. ते खाटेवर आप्पांच्या जवळ सरकले आणि आपला हात त्यांच्या उपरण्याखाली घातला.

आप्पा चमकले. पण कापडाखाली आलेला हात दलाल झिडकारत नाही. त्यांनी नानांचा पंजा धरला. तो थरथरता हात नानांच्या हातात पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता. नानांनी एक बोट त्यांच्या तळव्यावर दाबलं. रोज एक?

आतून पातेल्याचा आवाज येत होता. मग आप्पांनी नानांची बोटं चाचपली आणि दोन बोटं एकत्र धरून दाबली.

दोन.

"कुठे आहे?" नानांनी कुजबुजत विचारलं.

"खोगीरना खिसामा," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "तिले घोडीना वास सहन व्हत नही, तठे ती जात नही." मग त्यांचा आवाज चिरकला. "नाना, यात्रामा मन्हा उपरनाखाले हात घालाले लोके नही म्हनेत. मी एक भाव सांगू, बोट दुसराच सांगे. पोरे हसेत. मंग गोळीनी हात थांबना. मले वाटनं, पुढनी यात्रा येवालोंग पुरा झाडी काढू. टेबलवर ती डबी पडेल व्हती, हात आपोआप गया. इतला वरीसनी सवय."

"आप्पा, ती गोळी झाडू नाही. दलाल आहे."

आप्पांनी मान वर केली. नानांनी दामिनीने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. फक्त प्रथिनाला मालक म्हटलं, चिठ्ठीवाल्याला गिऱ्हाईक म्हटलं. आपण अडखळलो नाही, हे त्यांच्या खूप नंतर लक्षात आलं. सांगून संपायच्या आतच आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हनजे मी मन्हा डोकामा यात्रा भराई ठेवी!"

"भरवली खरी."

"आरे देवा! आन् मीच दलालस्ले शिव्या देस! बाकीनास्ले बी आते मीच सांगस, झाडू नही, दलाल शे!"

"कोनी काय भराई ठेवं?" जसोदाबाई कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, नानांचं तोंड पाहिलं, आणि चहा सांडला. पुढची पाच मिनिटं त्या जे बोलल्या त्यातलं नानांना निम्मंच कळलं, आणि ते निम्मंही लिहिण्याजोगं नाही. "मी जीभखाले देखस, आन् हाऊ भामटा खोगीरखाले!" एवढं मात्र शेजारच्या तीन घरांनी ऐकलं.

डबी सापडली. तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या.

६

"तुम्ही सांगितलंत ते शास्त्राला माहीत आहे, नाना," दामिनी म्हणाली. ती आता भिंतीला टेकली नव्हती. "दोन हातांच्या औषधांत हे होतं, आम्ही शिकलोय. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात दिसतं. म्हणूनच आपली मात्रा त्याच्या खाली ठेवली होती. पण कुणी स्वतःहून दुप्पट खाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"झाडू सांगून?"

तिने मान खाली घातली. "हो. झाडू सांगून." मग म्हणाली, "एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही. आप्पांची गोळी आता थांबवते. रक्तातलं औषध उतरलं आणि हात पुन्हा स्थिर होऊ लागला, तर आपला तर्क खरा. पण नियम मोडलाय, मला कळवावं लागेल. त्यांना चाचणीत परत घ्यायचं की नाही, ते समिती ठरवेल."

"त्यांना माहीत आहे?"

"धीरजला सांगितलं. मी आणखी एक ओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. तो चंदनकडे गेला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. चंदन म्हणतो, माफी मागितली असावी, नक्की कळलं नाही."

शुक्रवारी नाना टेबलाशी बसले. "महोदय" लिहिलं. पेन थांबलं. त्यांना वाटलं, आपण कोण लागून गेलो? एका घोड्याच्या बाजारावरून मेंदूचं सांगायला निघालो. नाशिकला हसतील. औषध कंपनीचे साहेब हसतील. सुपडू आप्पांची बाजू घ्यावी तर चोरीची बाजू घेतली म्हणतील. न घ्यावी तर तो हात आयुष्यभर तडफडत राहणार.

"व्हयनं का?" बेबीबाईंनी आतून विचारलं.

"होतंय!" नाना इतक्या जोरात ओरडले की त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मग त्या वैतागाच्या भरातच त्यांनी एका दमात लिहून काढलं:

"आपण विचारलंत की रुग्णांना औषध समजलं आहे का. नाही. समजलं नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही त्यांना सोपं सांगायला गेलो आणि चुकीचं सांगितलं. कंपाउंडर चंदन निर्दोष आहे, हे सोबतच्या पानांवर कारणांसह दिलं आहे. डबी सुपडू पाटील यांनी घेतली. ती त्यांची चूक. पण त्यांचा तर्क आम्हीच त्यांना दिलेला होता. आज या जिल्ह्यात हे औषध कसं काम करतं ते रुग्णाच्या भाषेत सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो सुपडू पाटील. बाकीच्या रुग्णांना समजावून सांगायला ते तयार आहेत. म्हणून माझं मत: केंद्र चालू ठेवावं, सर्वांची संमती नव्याने घ्यावी, आणि पाटील यांना चाचणीत परत घ्यावं. हे मी खात्रीने सांगतो."

शेवटचा शब्द त्यांनी खोडला. मग पुन्हा लिहिला.

पोस्टात रांग होती. पुढच्या माणसाला पाच पाकिटांवर पाच वेगवेगळे पत्ते तिथेच लिहायचे होते. डिंकाची बाटली वाळलेली होती. खिडकीतल्या माणसाने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"उद्या पोचेल ना नाशिकला?" नानांनी विचारलं.

"पोचेल."

"आणि मला... म्हणजे समजा, मध्येच काही बदलावंसं वाटलं, तर परत मिळेल का?"

खिडकीतल्या माणसाने शिक्का उचलला आणि पाकिटावर दाणकन मारला.

"आता नाही मिळणार, नाना."

"बरं झालं," नाना म्हणाले, आणि पावती घ्यायचीसुद्धा विसरून बाहेर पडले.